बर्फाची वही

पहाटे चारला अख्ख्या पेइरा-सेकमध्ये
दोनच उजेड जागे असतात:
माझ्या भट्टीचा
आणि घाट चढून येणाऱ्या त्याच्या गाडीचा.
शर्यत सुटायची नऊला.
तो आधी येतो, सावकाश,
काच खाली करून एक हात बाहेर काढलेला,
रस्त्याला ताप आहे का पाहत असल्यासारखा.

रेमो आस्तेग्यानो. एकदा जगज्जेता.
दुसऱ्यांदा होता होता राहिलेला.
आता गुडघ्यात सळई, डोळ्यांवर जाड भिंगं,
आणि काम एवढंच, की एका पोरसवदा ड्रायव्हरसाठी
कुठे बर्फ, कुठे ओल, कुठे नुसती काळी चकाकी
हे उजाडायच्या आत वहीत टिपायचं.
शिसपेन्सिलीनं.
शाई गोठते, म्हणतो. शिसं दगा देत नाही.

मी अकरा वर्षांची होते.
त्या जानेवारीत रस्ता कोरडा ठणठणीत,
आणि खालच्या शहरांतून आलेली माणसं,
बाटल्या, भोंगे, शेकोट्या,
कुरकुरत होती: कोरड्यावर कसली आलीय मजा?
टाका की चार फावडी, कुणीतरी म्हणालं.
गास्पारनं, माझ्या भावानं, बादली उचलली.
मी बाबांचं पाव काढायचं लाकडी फावडं आणलं,
लांब दांड्याचं, पिठाचा वास असलेलं.
चॅपेलच्या भिंतीपाशी, डाव्या वळणावर,
जिथे उतार आपणहून घाई करतो,
एक फावडं.
एकच.
पसरल्यावर बर्फ सांगत नाही
आभाळानं टाकलं की कुणी.

मग झाडीच्या पोटातून ते गुरगुरणं,
उजेडाचे चार खांब देवदारांवर आपटत आले,
आणि पिवळी गाडी
वळली नाही.
इतकंच झालं. वळली नाही.
सगळे एकदम हसायचे थांबले.
भिंतीपलीकडे उलट्या पडलेल्या गाडीत
त्याचा शेजारी लूच्यो, वाटा वाचून दाखवणारा,
अजून वाचत होता:
उजवं चार, लांबट, पुढे पूल,
पुलावर सांभाळ.

मी फावडं घरी नेलं, धुतलं, खुंटीला लावलं.
दुसऱ्या दिवशीचा पाव बाबांनी
त्याच्यावरच काढला.

अठरा वर्षं झाली, तो येतोय या कामाला.
बडीशेपेचा एक पाव घेतो.
मी पैसे नको म्हणते,
तो ठेवल्याशिवाय जात नाही.
नाणी बरणीत पडून आहेत, मी खर्चत नाही.
का नको, हे त्यानं कधी विचारलं नाही.

आज भट्टीच्या उबेनं भिंगांवर वाफ धरली.
त्यानं वही माझ्यापुढे सरकवली:
तू वाच जरा, अक्षर लागतंय का बघू.
मी वाचलं.
सातवा किलोमीटर, उजव्या कडेला तळहाताएवढा बर्फ.
आठवा, पाणी वाहतंय, नऊपर्यंत गोठेल.
झऱ्यापाशी धुकं, भरवसा नाही.
चॅपेलची भिंत, डावं

आणि थांबले.
तिथे काही नाही. मला माहीत आहे.
काल रात्री कंदील घेऊन मीच झाडलंय ते,
दरवर्षी झाडते, पालापाचोळासुद्धा ठेवत नाही.
वहीत लिहिलं होतं:
कोरडं. तरी बर्फ समज.

हे असं का, मी विचारलं.
आवाज कणकेत रुतल्यासारखा.

त्यानं पाव मोडला, वास घेतला.
सगळ्या घाटात, म्हणाला,
तेवढंच एक वळण कुणीतरी झाडून ठेवतं.
एवढ्या काळजीमागे काहीतरी असणारच ना.

मग भिंगं पुसली, टोपी घातली,
फळीवर नाणी ठेवली.
मी नको म्हटलं नाही.

नऊ वाजून गेल्यावर पोरगा आला.
मी दारात आले नाही, पीठ मळत राहिले.
चॅपेलपाशी इंजिनानं श्वास रोखला,
अर्धा,
आणि सोडला.
रात्री निकाल लागला. तो दुसरा आला,
अर्ध्या सेकंदानं.